सोममधली 'पायपर टूर': अ‍ॅडानॅकच्या दफनभूमीसाठी जरूर जा, बाकीचं बघून घ्या

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त बुक करायचं की नाही एवढंच बघायचंय त्यांचा वेळ वाचेल. पाचपैकी साडेतीन. गाईडला पाच, कंपनीने आखलेल्या दिवसाला दोन, सरासरी तेवढीच येते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उत्तर फ्रान्सच्या सोम भागातल्या आमियाँ आणि अल्बेरहून अशा टूर चालवणाऱ्या छोट्या छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत, आणि मला कुणाची खोड काढायची नाहीये, तुम्ही गेलात तर काय मागून घ्यायचं ते सांगायचंय.

विषय आहे पहिल्या महायुद्धातले स्कॉटिश पायपर, म्हणजे बॅगपाईप वाजवत खंदकातून बाहेर पडणारे सैनिक. आम्ही स्कॉटलंडमध्ये लॅनर्कशायरला राहतो, पोरगी शाळेच्या पाईप बँडमध्ये शिकते, आणि जवळच बेलशिल गाव आहे, तिथला एक मुलगा सोमच्या लढाईत बॅगपाईपपायी मेला हे तिला बँडच्या सरांनी सांगितलेलं. तेव्हापासून घरात तेच चालू होतं. नाव जेम्स क्लेलंड रिचर्डसन. जन्म बेलशिलचा, २५ नोव्हेंबर १८९५. घरचे सगळे कॅनडाला गेले, ब्रिटिश कोलंबियात चिलिवॅकला स्थायिक झाले, वडील तिथे पोलीस चीफ झाले, आणि युद्ध सुरू झाल्यावर हा पोरगा कॅनडाच्या १६व्या बटालियनमधून, जिला कॅनेडियन स्कॉटिश म्हणतात, पायपर म्हणून फ्रान्सला आला. मेला तेव्हा वीस वर्षांचा होता.

टूर सकाळी आमियाँ स्टेशनहून निघते, आठ सीटची व्हॅन, माणशी १४० युरो, लहान मुलांना सवलत नाही, जेवण आपलं आपण. अल्बेर, लाँगव्हाल, डेल्विल वुडचं जंगल, जेवण, कुर्सलेत, अ‍ॅडानॅक, थिएपव्हाल, परत. कागदावर भरगच्च वाटतं आणि तिथेच घोळ आहे, त्यावर येतोच.

गाईड स्कॉटलंडमधल्या फाइफचा, निवृत्त इतिहासाचा मास्तर. किल्ट घालून आला होता. वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हा उघड्या गुडघ्यांनी उभा. कंपनीचा नियम आहे म्हणे, फोटो चांगले येतात म्हणून. पण माणूस अस्सल. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'हे नक्की आहे', 'हे नंतर रंगवलेलं आहे' असं वेगळं करून सांगायचा, आणि माझ्या मते टूर गाईडमध्ये हाच एक गुण बघावा, बाकी इंग्रजी गोड आहे का, विनोद करतो का, हे सगळं दुय्यम.

पहिला मोठा थांबा लाँगव्हाल. १४ जुलै १९१६ पासून ९व्या स्कॉटिश डिव्हिजनने हे गाव घेण्यासाठी झुंज दिली, आणि आज गावातल्या चौकात पायपर्स मेमोरियल आहे. २० जुलै २००२ ला त्याचं अनावरण झालं. वाळूच्या पोत्यांवरून खंदकाबाहेर पाऊल टाकणारा पायपर, खांद्यावर पाईप्स, मागे भिंतीवर वेगवेगळ्या रेजिमेंटचे बिल्ले. शिल्प छान आहे, उगाच भव्य केलेलं नाही, पुतळा आपल्याला जवळून बघता येतो, बोटं चँटरवर, म्हणजे पाईपच्या भोकांच्या नळीवर, नीट बसवलेली दिसतात. पोरीने लगेच तपासून घेतली.

आता तक्रार. ब्रोशरमध्ये लिहिलंय 'प्रत्यक्ष बॅगपाईप वादनाचा अनुभव'. प्रत्यक्ष काय, तर व्हॅनच्या मागच्या सीटवरून एक ब्लूटूथ स्पीकर काढला, पुतळ्याच्या पायाशी ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. गाईडचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, बिचाऱ्याला रोज करावं लागत असणार. आमची कार्टी सगळ्यांसमोर, "बाबा, याचे ड्रोन सुरात पण नाहीयेत." ड्रोन म्हणजे पाईपच्या एकच सूर धरून ठेवणाऱ्या लांब नळ्या. शेजारचं ऑस्ट्रेलियन जोडपं फिस्सकन हसलं आणि त्या जागेचा जो काय मूड होता तो गेला. एवढे पैसे घेता तर महिन्यातून चार टूरना तरी खरा पायपर आणा, नाहीतर ब्रोशरमधून ते वाक्य काढा. शांत उभं राहायला दिलं असतं तरी चाललं असतं.

आणि दुसरी तक्रार, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. अख्खी सकाळ जे सांगितलं जातं ते जे जगले त्यांच्याबद्दल. डॅनियल लेडलॉ, २५ सप्टेंबर १९१५, लूसची लढाई, गॅसचा ढग, सैनिक खंदकात थिजलेले आणि हा वर चढून वाजवत फिरतो, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळतो, १९५० पर्यंत जगतो. मग दुसऱ्या महायुद्धातला बिल मिलिन, ६ जून १९४४, नॉर्मंडीचा किनारा, पाईप्स घेऊन पाण्यात उतरतो, तोवर आघाडीवर पाईप वाजवायला वॉर ऑफिसची बंदी होती पण मिलिनचा कमांडर लॉर्ड लोव्हॅट म्हणाला की ते इंग्लिश वॉर ऑफिस झालं, आपण स्कॉटिश आहोत. मिलिन २०१० ला वारला. गोष्टी भारीच आहेत, मी नाही म्हणत नाही, आणि गाईड सांगतोही झकास. पण पहिल्या महायुद्धात साधारण २,५०० पायपर होते आणि त्यातले सुमारे ५०० मेले असं मानतात, म्हणजे पाचातला एक, आणि गाजलेल्या गोष्टी सगळ्या उरलेल्या चौघांतल्या. साहजिक आहे, जगलेला माणूस मुलाखत देतो, फोटो काढून घेतो, दरवर्षी कार्यक्रमाला येतो. मेलेल्याच्या वाट्याला काय, एक अधिकृत उतारा आणि एक दगड. ज्या टूरच्या पूर्ण नावातच 'स्मृती' हा शब्द आहे तिने सकाळ कुणाला द्यायची आणि संध्याकाळचा घाईचा तास कुणाला, याचा विचार करायला हवा होता.

मधे डेल्विल वुड घाईघाईत, जेवणासाठी एका कॅफेत सव्वा तास (सव्वा तास! बागेट खायला!), त्यात कॅफेलाच लागून स्मरणवस्तूंचं दुकान, किल्टवाल्या टेडीबेअरपासून गंजलेल्या काडतुसांपर्यंत सगळं. कंपनीचं आणि दुकानाचं काहीतरी साटंलोटं असणार असा मला दाट संशय आहे. टेडीबेअर घेतलं नाही, पोरगी दिवसभर फुगलेली.

जेवताना गाईडला मी विचारलं की पायपर रोज वाजवायचे का हो खंदकात. तो म्हणाला, छे, बहुतेक वेळ ते स्ट्रेचर वाहायचे. बँडवाले आणि पायपर यांना जखमींना उचलायचं काम असायचं, चिखलात. आणि सुरुवातीला इतके मेले की बऱ्याच बटालियनांनी पायपर पुढे पाठवणंच थांबवलं, कारण चांगला पायपर तयार व्हायला वर्षं लागतात आणि तो एका मिनिटात जातो. हे त्याने ब्रेडला लोणी लावता लावता सांगितलं, व्हॅनच्या माईकवर नाही, आणि दिवसभरातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं. विली लॉरीबद्दलही तिथेच कळलं. स्कॉटलंडमधल्या बालाहुलिशचा, १९१० मध्ये पायपिंगची दोन्ही मोठी सुवर्णपदकं एकाच वर्षी जिंकलेला, ८व्या आर्गाइल्स या स्कॉटिश बटालियनचा पाईप मेजर, म्हणजे पायपरांचा प्रमुख. तो गोळीने गेला नाही, खंदकात आजारी पडला आणि नोव्हेंबर १९१६ ला ऑक्सफर्डला हॉस्पिटलमध्ये वारला. सोमच्या लढाईच्या नावाची त्याची चाल आज जगभरचे पाईप बँड वाजवतात, आमच्या शाळेचा पण. पोरगी ऐकत बसली होती, सँडविच तसंच. तिला चाल पाठ होती, माणूस माहीत नव्हता.

दुपारनंतर कुर्सलेतच्या पुढे गेलो आणि टूर बदलली. इथे दुकान नाही, कॅफे नाही, बीटची शेतं, मधून अरुंद रस्ता, शेताच्या कडेला शेतकऱ्याने नांगरताना निघालेला गंजका तोफगोळा ठेवलेला. अजून निघतात. हात लावायचा नाही, जिवंत असू शकतो, बॉम्ब निकामी करणारं सरकारी पथक येऊन घेऊन जातं. गाईडने व्हॅन थांबवली, माईक ठेवून दिला, सगळ्यांना खाली उतरवलं आणि शेताकडे हात करून म्हणाला, त्या चढावर रिजायना ट्रेंच, जर्मनांचा खंदक, होता.

इथे त्याने जे केलं त्यासाठी पाच स्टार. व्हिक्टोरिया क्रॉसचा अधिकृत मजकूर खिशातून काढला आणि एक एक वाक्य वाचत, प्रत्येक वाक्यापुढे थांबून, जमिनीवर दाखवत गेला. ८ ऑक्टोबर १९१६, पहाटेचा अंधार. रिचर्डसनची त्या दिवशी वाजवायची पाळी आहे असं नव्हतं, त्याने कमांडिंग ऑफिसरकडून परवानगी मागून घेतली. त्याची तुकडी पुढे गेली आणि समोर काटेरी तार, जी तोफखान्याने तोडलेली असायला हवी होती, ती जशीच्या तशी. मशिनगन सुरू. माणसं खड्ड्यांमध्ये आडवी. तुकडीचा कमांडर तारेजवळच कोसळलेला. रेजिमेंटच्या इतिहासात आहे की रिचर्डसनने सार्जंट मेजरला विचारलं, देऊ का त्यांना वारा, म्हणजे वाजवू का, आणि तो म्हणाला दे. मग हा तारेच्या बाहेर, उभा, इकडून तिकडे, तिकडून इकडे, वाजवत. साधारण दहा मिनिटं.

दहा मिनिटं वाचताना काहीच वाटत नाही. पण आमच्याकडे चँटर वाजवणारी पोरगी होती ना, तिने गाईडला विचारलं, "त्याच्याकडे बंदूक होती?" नव्हती, असूच शकत नाही, दोन्ही हात चँटरवर, डावी कोपर पिशवीवर, तोंडात ब्लोपाईप. खाली वाकता येत नाही, झोपून वाजवता येत नाही, ओरडता येत नाही. पिशवी आधी भरायची, ड्रोन चालू करायचे, दाब धरून ठेवायचा, श्वास वर-खाली झाला की सूर हलतो, आणि धावून आल्यावर श्वास किती वर-खाली होतो ते सांगायला नको. बोटं गार पडली की ग्रेस नोट, म्हणजे मधले क्षणभराचे छोटे सूर, निघत नाहीत, आणि पाईपमध्ये सूर मधेच थांबवता येत नसल्याने दोन सारखे सूर वेगळे करायला ग्रेस नोटच लागते, नाहीतर नुसता एक लांब भोंगा. हे तिने हात पुढे करून, हातमोजे काढून, सगळ्या व्हॅनला करून दाखवलं, काठी नव्हती म्हणून माझ्या बंद छत्रीवर. बोटं लाल झालेली, तिसऱ्या-चौथ्यांदा नीट पडेनात. ऑस्ट्रेलियन काका आता हसत नव्हते.

माणसं उठली, तार ओलांडली, ट्रेंचमध्ये घुसली. अधिकृत मजकुरात 'ठाणं काबीज झालं' असं आहे आणि ब्रोशरमध्येही तेच, मोठ्या अक्षरांत. गाईड म्हणाला, हे अर्धं आहे. घेतलं खरं, पण दोन्ही बाजूंनी जर्मन प्रतिहल्ले झाले, हातबॉम्ब संपले, जे उरले त्यांना मागे यावं लागलं. रिजायना ट्रेंच शेवटी पूर्ण हातात आला ११ नोव्हेंबर १९१६ ला, महिनाभराने, वेगळ्याच तुकड्यांकडून. म्हणजे त्या दहा मिनिटांनी जे मिळालं ते त्याच दिवशी गेलं. कुठल्याही टूरवर हे सांगायला हिंमत लागते, कारण १४० युरो दिलेल्या माणसाला जिंकलेलीच गोष्ट हवी असते.

आणि मग शेवटचा भाग. ट्रेंचमध्ये हातबॉम्ब फेकताना त्याने पाईप्स बाजूला ठेवले होते. पुढे त्याला एका जखमीला आणि कैद्यांना मागे न्यायला सांगितलं. साधारण २०० यार्ड गेल्यावर आठवलं की पाईप्स राहिले. सगळ्यांनी परोपरीने सांगितलं जाऊ नको, तो ऐकला नाही, परत गेला. नंतर कुणालाच दिसला नाही. क्रॉस जाहीर झाला २२ ऑक्टोबर १९१८ ला, दोन वर्षांनी.

गाईडने २०० यार्ड चालायला लावले. रस्त्याकडेने, त्या शेतातून नाही अर्थातच, पण तेवढंच अंतर. दोन-अडीच मिनिटं लागतात, कोरड्या डांबरी रस्त्यावर. मागे वळून बघितलं तर व्हॅन दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल. इतक्या जवळ. मला इतके दिवस वाटायचं की कुठेतरी लांब छावणीत पोचल्यावर त्याला आठवलं असेल, तसं नव्हतं, जागा डोळ्यांसमोर होती, दोन मिनिटांत जाऊन येतो म्हणणाराच प्रकार. पटकन घेऊन येतो. वीस वर्षांचं पोरगं दुसरं काय म्हणणार.

अ‍ॅडानॅक मिलिटरी सिमेट्री मिरोमोंच्या रस्त्यावर आहे, कुर्सलेतहून जवळच. कॅनडा उलटं लिहून नाव दिलंय. युद्ध संपल्यावर आजूबाजूच्या रणांगणातून आणि छोट्या दफनभूमींतून काढून इथे आणलेले तीन हजारांवर सैनिक आहेत, निम्म्याहून जास्त अनोळखी, त्यांच्या दगडावर नावाच्या जागी फक्त 'महायुद्धातला सैनिक' आणि खाली 'देवाला ठाऊक'. रिचर्डसनचे अवशेष पुढे सापडले आणि तो इथे आहे, प्लॉट ३, रांग एफ, कबर ३६. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर नाव टाकलं की प्लॉट, रांग, नंबर सगळं फुकट मिळतं, नकाशासकट, घरून लिहूनच न्या. कमिशनला मात्र बिनशर्त पाच. १९१७ पासून युद्धात मेलेल्यांच्या कबरी सांभाळायचं काम चालू आहे, १७ लाख लोकांची नोंद, आणि त्या दिवशी त्या वाऱ्यात एक माळी गुडघ्यांवर बसून दगडांच्या मधली गवताची कड कात्रीने सरळ करत होता. जनरल असो नाहीतर साधा सैनिक, दगड सगळ्यांना एकाच मापाचा, व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यालासुद्धा, फक्त त्यावर त्या पदकाचं चिन्ह कोरलेलं. इथेच न्यूझीलंडच्या सॅम्युएल फोर्साइथचाही क्रॉसवाला दगड आहे, ऑगस्ट १९१८ चा, आमच्या गाईडने दाखवला, नाहीतर लोक रिचर्डसन बघून परत फिरतात.

भिंतीत एक छोटं कपाट असतं, त्यात नोंदवही आणि अभिप्रायाची वही. चाळली. बहुतेक कॅनडाचे लोक, काही बेल्जियन, काही स्कॉटिश, आणि मधूनमधून नुसतं 'पायपर' एवढंच लिहून गेलेले, म्हणजे वाजवणारे. पोरीने देवनागरीत लिहिलं. काय लिहिलं ते मला बघू दिलं नाही.

आणि इथे, बरोब्बर इथे, गाईडचा फोन वाजला आणि ऑफिसमधून सांगण्यात आलं की थिएपव्हालला उशीर होतोय, आटपा. सिमेट्रीत उणीपुरी वीस मिनिटं मिळाली. कॅफेत सव्वा तास आणि इथे वीस मिनिटं, याचा मला अजून राग आहे. पाईप्सचं पुढे काय झालं ती गोष्ट त्याला व्हॅनमध्ये, गिअर बदलता बदलता सांगावी लागली, आणि खरं तर ती कबरीपाशी उभं राहून ऐकायची गोष्ट आहे. १९१७ मध्ये एडवर्ड येल्ड बेट नावाच्या ब्रिटिश चॅप्लिनला, म्हणजे सैन्यातल्या पाद्र्याला, त्या चिखलात तुटके पाईप्स सापडले. कुणाचे ते कळेना. युद्धानंतर त्याने ते स्कॉटलंडला क्रीफच्या आर्डव्हरेक शाळेत नेले, तिथे तो शिकवायचा, आणि ते तिथे कपाटात कित्येक दशकं राहिले, चिखल तसाच, टार्टनचा, म्हणजे चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाचा, फाटका तुकडा तसाच. २००२ च्या सुमारास शाळेतल्या एका पालकाने इंटरनेटवर विचारणा केली, कॅनडातल्या पाईप मेजरने ती बघितली, टार्टन १६व्या बटालियनच्या पायपरांचं निघालं, आणि ८ नोव्हेंबर २००६ ला ते पाईप्स ब्रिटिश कोलंबियाच्या विधानभवनात पोचले. ज्यांच्यासाठी तो परत गेला ते नव्वद वर्षांनी त्याच्या प्रांतात परत गेले, तो मात्र फ्रान्समध्येच राहिला. क्रीफ आमच्या घरून गाडीने तासाभरावर आहे.

थिएपव्हालच्या स्मारकाबद्दल थोडक्यात. ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा ७२,००० वर लोकांची नावं, ल्यूटेन्सने बांधलंय, दिल्लीचं इंडिया गेट ज्याचं त्याचंच. प्रचंड आहे, बघायलाच हवं, पण अशा दिवशी शेवटी कोंबून नाही. डोकं भरलेलं असतं, नावं नुसती रेघा दिसायला लागतात.

तर बुक करणार असाल तर: मेलवर आधी विचारा की अ‍ॅडानॅकला किती वेळ, आणि उत्तर अर्ध्या तासाच्या खाली असेल तर प्रायव्हेट टूर घ्या, चौघं मिळून गेलात तर फार महाग पडत नाही, लाँगव्हाल, रिजायना ट्रेंच आणि अ‍ॅडानॅक एवढंच सांगा, थिएपव्हाल दुसऱ्या दिवशी स्वतः करा. स्वतःची गाडी असेल तर सिमेट्री रस्त्यालाच आहे, गाईडशिवायही जमेल, पण मग ते २०० यार्ड कुणीतरी चालायला लावणारं हवं. जेवण डबा करून न्या. बूट वॉटरप्रूफ, जॅकेट वारा अडवणारं, छत्री तिथे कामाची नाही, आमची फक्त चँटर म्हणून उपयोगी पडली. आणि स्पीकर काढायला लागले तर सरळ नको म्हणा, मी कंपनीला तसं कळवलंय, त्यांचं उत्तर आलं की तुमचा अभिप्राय मोलाचा आहे आणि पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट.